दिसले तेवढेच रेखाटणारे आंतोनियादी

मंगळावर कालवे नाहीत ही गोष्ट अवकाशयानांनी सिद्ध केली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु पहिले यान मंगळाजवळून जाण्याच्या तब्बल ५६ वर्षे आधी, पॅरिसलगतच्या म्यूदों येथे, दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या एका हौशी निरीक्षकाने त्या कालव्यांचा निकाल लावला होता. विशेष म्हणजे त्याच निरीक्षकाने तरुणपणी आपल्या नकाशांत ते कालवे स्वतःच्या हाताने काढले होते. त्यांचे नाव युजेन मिशेल आंतोनियादी. आज घराच्या गच्चीवरून गुरू-शनीची छायाचित्रे टिपणारे हौशी निरीक्षक वहीत हवेची स्थिती नोंदवताना ज्या पाच रोमन अंकांचा आधार घेतात, ती श्रेणीही त्यांचीच.

आंतोनियादी यांचा जन्म १ मार्च १८७० रोजी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल येथे, एका ग्रीक कुटुंबात झाला. कुमारवयापासून त्यांना आकाशाचा छंद जडला. जेमतेम ७५ मिलिमीटर व्यासाच्या लहानशा दुर्बिणीतून ते सूर्यावरील डाग आणि ग्रह पाहत आणि त्यांची चित्रे काढत. त्यांचा हात कमालीचा कसलेला होता. ती चित्रे फ्रान्समधील लोकप्रिय खगोललेखक कामीय फ्लामारिओं यांच्या नजरेस आली. फ्लामारिओं यांनी १८९३ मध्ये या तेवीस वर्षांच्या तरुणाला पॅरिसच्या दक्षिणेस ज्युविझी येथील आपल्या खासगी वेधशाळेत बोलावून घेतले.

त्या काळी खगोलविश्वावर मंगळाने गारूड केले होते. १८७७ मध्ये इटलीच्या जिओव्हानी स्कियापारेल्ली यांनी मंगळावर बारीक रेषांचे जाळे पाहिल्याची नोंद केली होती. त्यांनी वापरलेला इटालियन शब्द नैसर्गिक प्रवाहमार्गांनाही लागू पडत होता. परंतु भाषांतरात त्याचे कालवे झाले आणि कालवे म्हटले की ते खोदणारे कोणीतरी असणार, ही कल्पना ओघानेच आली. अमेरिकेतील धनाढ्य निरीक्षक पर्सिव्हल लॉवेल यांनी तर १८९४ मध्ये ॲरिझोनात स्वतःची वेधशाळा उभारली आणि मंगळावरील बुद्धिमान जीवांनी ध्रुवांवरचे पाणी वाळवंटात नेण्यासाठी हे कालवे खणले, असा सिद्धान्त मांडला.

ज्युविझीची दुर्बीण २४ सेंटिमीटर व्यासाची होती. तिच्यातून आंतोनियादींनाही कालवे दिसले आणि त्यांनी ते काढले. १८९६ मध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेने त्यांच्याकडे मंगळ विभागाची धुरा सोपवली. १९१७ पर्यंत त्यांनी ती वाहिली. देशोदेशीच्या निरीक्षकांची चित्रे त्यांच्यापुढे येत. ती शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या मनात शंका डोकावू लागली. एकाच काळात, एकाच ग्रहावर, दोन अनुभवी माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी रेषा कशा दिसाव्यात?

याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड माँडर यांनी ग्रीनिच येथील शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला. रेषा नसलेले, नुसते अनियमित ठिपके व डाग असलेले मंगळाचे चित्र मुलांपुढे ठेवून ते पाहून काढायला सांगितले. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी त्यात सरळ रेषा काढल्या. दृष्टीच्या मर्यादेपाशी आलेले तुटक ठिपके मन आपोआप जोडून घेते, हे त्यातून उघड झाले.

१९०२ मध्ये आंतोनियादींनी ज्युविझी सोडले. घरची सुस्थिती असल्याने पोटासाठी नोकरीची गरज नव्हती. पुढील काही वर्षे त्यांनी जन्मगावीच्या हागिया सोफिया या प्राचीन वास्तूच्या अभ्यासाला दिली आणि तिच्यावर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ते बुद्धिबळातही तरबेज होते. १९०७ मध्ये पॅरिसच्या एका स्पर्धेत त्यांनी फ्रँक मार्शल या नामांकित अमेरिकन खेळाडूच्या बरोबरीने पहिले स्थान मिळवले होते.

मग १९०९ साल उजाडले. त्या सप्टेंबरात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार होता. म्यूदों वेधशाळेचे संचालक आंरी देलांद्र यांनी तेथील ८३ सेंटिमीटर व्यासाची, युरोपातील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण आंतोनियादींना वापरायला दिली. २० सप्टेंबरच्या रात्री त्यांनी तिला डोळा लावला, तेव्हा हवा विलक्षण शांत होती. भिंगाचा व्यास वाढला की बारीक तपशील वेगळा करण्याची शक्ती वाढते. परंतु डोक्यावरची हवा हेलकावत असेल, तर ती शक्ती वाया जाते. त्या रात्री मोठे भिंग आणि स्थिर हवा या दोन्हींचा योग जुळून आला. मंगळाच्या बिंबावर असंख्य बारीक, वेडेवाकडे डाग आणि छटा उमटल्या. लहान दुर्बिणीत जिथे सरळ रेषा दिसत, तिथे आता तुटक ठिपक्यांच्या माळा व गडद प्रदेशांच्या ओबडधोबड कडा होत्या. भूमितीतल्यासारखे ते जाळे नाहीसे झाले होते.

आपल्याच जुन्या नकाशांना खोटे ठरवणारी ही चित्रे त्यांनी प्रसिद्ध केली आणि लॉवेल यांनाही पाठवली. लॉवेल यांचा युक्तिवाद उलट होता. मोठ्या भिंगाला हवेची चळवळ अधिक बाधते, म्हणून कालवे लहान व्यासातूनच स्पष्ट दिसतात, असे ते मानत. या युक्तिवादाचा पूर्वार्ध खराबच नव्हे, तर मध्यम हवेलाही लागू पडतो. पण हवा खरोखर निवांत झाली की मोठ्या भिंगाला तोड नसते. लॉवेल यांच्या वेधशाळेने १९०५ पासून कालव्यांची छायाचित्रेही घेतली होती. मात्र त्या काचेच्या पट्टीवर मंगळ काही मिलिमीटरचाच उमटे. उद्भासनाला वेळ लागे आणि तेवढ्यात हवा थरथरून तपशील पुसला जाई. डोळा मात्र क्षणभर स्थिरावलेले बिंब नेमके पकडू शकत होता. म्हणून त्या काळी निष्णात हाताचे रेखाचित्र छायाचित्राहून सरस ठरे.

हवेची ही प्रत मोजण्यासाठी आंतोनियादींनी पाच पायऱ्या ठरवल्या. पहिलीत बिंब अगदी निश्चल असते. दुसरीत किंचित लहरी येतात, पण मध्ये काही सेकंद शांत मिळतात. तिसरीत मोठी थरथर, चौथीत सततचा त्रास, आणि पाचवीत ढोबळ चित्र काढणेही कठीण. चित्राखाली हा अंक लिहिला की पाहणाऱ्याला कळते, या तपशिलावर किती भरवसा ठेवावा.

१९३० मध्ये त्यांचा मंगळावरील बृहद्ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. तेथील पिवळ्या धुळीच्या ढगांचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला होता. १९३४ मध्ये बुध ग्रहावरचे पुस्तक आले. बुध स्वतःभोवती ८८ दिवसांत एकदा फिरतो आणि सूर्याकडे सदैव एकच बाजू ठेवतो, हे स्कियापारेल्लींचे मत त्यांनी त्यात उचलून धरले आणि त्याच गृहीतावर नकाशा रचला. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये १० फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा न्याय एकाच वर्षी, दोन्ही अंगांनी झाला. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ या यानाने मंगळाची छायाचित्रे पाठवली. त्यांत खड्डे होते, कालवे नव्हते. त्याच वर्षी आरेसिबोच्या रडारने दाखवून दिले, की बुधाला एका फेऱ्यास सुमारे ५९ दिवस लागतात. मंगळावर कालव्यांचा मोह सोडणारा हाच माणूस बुधाच्या बाबतीत अपेक्षित तेच पाहून बसला होता. सावधपणाचा असा काही परवाना नसतो, की जो एकदा मिळाला म्हणजे जन्मभर पुरावा.

आज साधनांचा कायापालट झाला आहे. पावसाळा सरला की गोव्यातील एखाद्या गच्चीवरूनही वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडून काही मिनिटांची चित्रफीत घेता येते. तिच्यातील हजारो चौकटींपैकी हवा स्थिर असतानाच्या चौकटी संगणक निवडतो, त्या एकमेकींवर रचून सरासरी काढतो आणि मग प्रतिमा रेखीव करतो. म्यूदोंला डोळा ज्या शांत क्षणाची वाट पाहत बसे, तोच क्षण आता यंत्र वेचून काढते. धोकाही तोच आहे. रेखीवपणाची कळ जरा अधिक फिरवली, की मंगळाच्या कडेला आतून एक खोटी कमान उमटते आणि गोंगाटातून बारीक रेषा जन्म घेतात. म्हणून जाणते निरीक्षक एकाच रात्री दोन स्वतंत्र चित्रफिती घेतात, त्यांवर वेगवेगळी प्रक्रिया करतात आणि दोहोंत सापडणारा तपशीलच खरा धरतात.

मंगळावरच्या एका विवराला आणि चंद्रावरच्याही एका विवराला आंतोनियादींचे नाव दिलेले आहे. चंद्राच्या पृष्ठभागावरील सर्वांत खोल जागा त्या दुसऱ्या विवरात आहे. पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला असल्याने ती त्यांना कोणत्याही दुर्बिणीतून पाहता आली नसती, आणि म्हणून त्यांनी ती कधी काढलीही नाही.