प्रश्न विचारायला शिकवणारे जोतिराव

महात्मा जोतिराव फुले यांचा जन्म १८२७ चा. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आपला धर्म नेमका कोणता, हे तिने त्यात विचारले. या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नव्हते. १८७३ चे ‘गुलामगिरी’ही जोतिरावांनी संवादरूपात लिहिले, त्यात धोंडिबा विचारत राहतो. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनी त्यांना गुरू मानले.

जयंतीला मुलांकडून नुसत्या सनावळ्या घोकून घेणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. मुक्ताने हे का विचारले असेल, असे आपण अभ्यासवर्गात विचारू या आणि मुलांना बोलू देऊ या.

जय जोती, जय भीम!