कै. जमशेटजी टाटा आणि चांद्याचें लोखंड

विद्यार्थिमित्रांनो, कांदिवलीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना ज्या रुळांकडे आपण सहज दृष्टि टाकतों, ते पोलादाचे असतात. असें पोलाद आपल्या देशांत विपुल निर्माण व्हावें, हा ध्यास ज्यांनीं बावीस वर्षें बाळगिला, परंतु ज्यांस आपल्या कारखान्याचा पायाही पहावयास मिळाला नाहीं, ते थोर पुरुष म्हणजे कै. जमशेटजी नसरवानजी टाटा होत.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारांत शिरले, व १८७७ सालीं नागपुरास त्यांनीं एम्प्रेस मिल सुरू केली.

१८८२ सालीं चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयीं एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला. लोहारा येथें खनिज व वरोऱ्यास कोळसा. मग उणें काय, असें कोणासही वाटावें. परंतु धातुविद्या इतकी सोपी नाहीं. खनिजांत लोखंड प्राणवायूशीं संयुक्त असतें. कोळसा हवाबंद भट्टींत तापविला म्हणजे त्यांतील वायु निघून जाऊन टणक, सच्छिद्र कोक उरतो. कोक, खनिज व चुनखडी उंच भट्टींत भरून खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोक जळून होणारा वायु खनिजांतील प्राणवायु हिरावून घेतो. चुनखडी दगडमातीशीं मिळून तिची मळी वर तरंगते, आणि तळाशीं बिडाचा रस जमतो. बिडांत शेंकडा सुमारें ४ भाग कार्बन असल्यामुळें तें ठिसूळ असतें. हा कार्बन जाळून बहुधा शेंकडा एकाच्याही खालीं आणला म्हणजे चिवट पोलाद होतें.

वरोऱ्याच्या कोळशाचा असा कोक होईना. कोक भुसभुशीत असला तर वरच्या ओझ्याखालीं चुरडतो व हवेची वाट बुजते. शिवाय खाणींविषयींच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत मागें पडला. पण जमशेटजींनीं तो सोडला नाहीं. १८९९ सालीं अटी सैल होतांच त्यांनीं पुन्हा उचल घेतली. १९०२ सालीं, वयाच्या ६३ व्या वर्षीं, ते अमेरिकेस गेले व तेथील कारखाने पाहून चार्ल्स पेज पेरिन ह्या तज्ज्ञाचें साहाय्य त्यांनीं मिळविलें. शोध चालू असतांनाच १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत त्यांचा अंत झाला.

त्यांचे पुत्र दोराबजी ह्यांनीं तें कार्य पुढें चालविलें. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस ह्यांनीं मयूरभंज संस्थानांतील खनिज दाखवून दिलें. झरियाचा कोळसा तेथून फार दूर नव्हता. १९०७ सालीं मुंबईंत कंपनी स्थापन झाली, आणि सुमारें ८,००० भारतीयांनीं तीन आठवड्यांत तिचें भांडवल उभें केलें. साकची येथें डिसेंबर १९११ मध्यें बीड व फेब्रुवारी १९१२ मध्यें पोलाद निघालें. १९१९ सालीं त्या गांवास जमशेदपूर हें नांव मिळालें.

मुलांनो, चांद्यास आलेलें अपयश जमशेटजींनीं शेवट मानिलें नाहीं. कोळसा कोठें चुकला हें त्यांनीं जाणून घेतलें, आणि योग्य कोळशाचा व खनिजाचा शोध मरेपर्यंत चालू ठेविला. आपल्याही हातून एखादें काम फसलें, तर तें कां फसलें हें प्रथम शोधावें, आणि मग पुन्हा कामास लागावें.