रुडॉल्फ डिझेल : बर्फाच्या कारखान्यातला माणूस आणि थंडीत अडणारे इंजिन

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर-इंदूरकडच्या पहाटे, नाहीतर बेळगाव-खानापूरच्या धुक्यात जुनी डिझेल गाडी चालू करायची तर एक शिस्त पाळावी लागते. चावी अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा लागला की तो विझेपर्यंत हात आवरायचा आणि मगच सेल्फ मारायचा. घाई केली की पांढरा धूर येतो, बॅटरी उतरते आणि शेवटी धक्का मारायला शेजारच्या पोरांना हाक घालावी लागते. जर्मनीत या थांबण्याला गमतीने रुडॉल्फ डिझेल स्मृतिमिनिट असे नाव पडले आहे. ज्याच्या नावाने हे मिनिट पाळतात त्याचे आडनाव पंपावर रोज लाखो लोक घेतात. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातले, वडील चामड्याच्या वस्तू बनवत. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांवर गाव सोडायची पाळी आली. कुटुंब लंडनला गेले. तिथे हातातोंडाची गाठ पडेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नात्यातल्या एका गणिताच्या शिक्षकाकडे पाठवले. सरहद्दीवर राहणाऱ्यांना हे नवे नाही. इकडचे म्हणायचे की तिकडचे, हा प्रश्न त्या मुलाला शाळेत जायच्या वयातच पडला.

ऑग्सबर्गच्या शाळेत त्यांनी हवेवर चालणारा एक चकमकीसारखा प्रकार पाहिला असे सांगतात. काचेची नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि टोकाला कापसासारखा कपटा. दट्ट्या झटक्यात आत दाबला की आतली हवा तापते आणि कपटा पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, त्यातलाच हा प्रकार. पुढचे सगळे आयुष्य या दट्ट्याभोवती फिरले म्हणायला हरकत नाही.

म्युनिकच्या तंत्रशाळेत त्यांना प्राध्यापक मिळाले कार्ल फॉन लिंडे. यांत्रिक पद्धतीने थंडी तयार करण्याच्या शास्त्रातले ते मोठे नाव. कोळशातली जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णता वाफेच्या इंजिनातून कामाला येते, बाकीची वाया जाते, हे लिंडेंच्या वर्गात कळले आणि ते डिझेलच्या डोक्यात घर करून बसले. 1880 मध्ये पदवी मिळाली. नोकरीही लिंडेंनीच दिली, पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात. वर्षभरात ते तिथले प्रमुख झाले. स्वच्छ, पारदर्शक बर्फ तयार करण्याच्या पद्धतीवर 1881 मध्ये पेटंटही घेतले. जवळपास बारा वर्षे या माणसाने बर्फ आणि बर्फाची यंत्रे यांवर पोट भरले. हवा दाबली की तापते आणि मोकळी सोडली की गार होते, हा व्यवहार त्यांच्या रोजच्या हाताखालचा होता.

1892 मध्ये त्यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे आणि नेमक्या क्षणी आत इंधन सोडायचे. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप यांनी पैसा लावला. खरी कसोटी पुढेच होती.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतः सुरू होणे शक्यच नव्हते, म्हणून कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवले. आत पेट्रोल सोडताच असा स्फोट झाला की दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. जवळ उभे असलेले थोडक्यात बचावले. इंजिन चालले नाही, पण ठिणगीशिवाय आग लागते एवढे सिद्ध झाले. दुरुस्त्या झाल्या. 17 फेब्रुवारी 1894 ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चालले, मिनिटाला 88 फेऱ्या, आणि तेही जेमतेम एक मिनिट. पट्टा आता इंजिनाला ओढत नाही, इंजिनच पट्ट्याला ओढते आहे, हे आधी शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या ध्यानात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी उचलली, अशी हकीगत आहे. त्यानंतरही तीन वर्षे गेली. फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक मॉरित्झ श्रोटर यांनी साधारण वीस अश्वशक्तीच्या इंजिनाची मोजणी केली आणि कार्यक्षमता भरली 26.2 टक्के. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा भलताच मोठा होता.

मग पैसा आला. अमेरिकेतले बिअरचे कारखानदार अॅडॉल्फस बुश यांनी त्यांच्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कांना घेतले. 1898 मध्ये सगळे हक्क एका कंपनीला 35 लाख मार्कांना विकले गेले. पहिल्या गिऱ्हाइकांत केम्प्टन गावचा काडेपेटीचा कारखाना होता. ज्या इंजिनाला काडी लागत नाही ते काड्या बनवणाऱ्यांनी घ्यावे, ही गंमतच. तक्रारी मात्र तिथूनच सुरू झाल्या. इंजिने बंद पडू लागली, काही परत आली. डिझेल यांनी स्वतः ऑग्सबर्गला काढलेला कारखाना काही वर्षांत बंद पडला. पेटंटवरून वाद, कोर्टकचेऱ्या, त्यात डोकेदुखी आणि निद्रानाश. 1898 च्या शरद ऋतूत ते दवाखान्यात दाखल झाले.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर चूक इथेच झाली. तंत्रात एवढा बारीक असलेला माणूस पैशात ढिला निघाला. म्युनिकमध्ये राजवाड्यासारखा बंगला बांधला. गॅलिशियातल्या तेलविहिरींत पैसे घातले ते बुडाले, जमिनीच्या व्यवहारातही हात पोळले. हातात होते ते बहुतेक कागदावरचे शेअर. बाहेर नाव वाढतच होते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. 1912 मध्ये सेलांडिया ही मोठी मालवाहू बोट डिझेलवर समुद्र ओलांडून बँकॉकपर्यंत गेली. घरात मात्र देणेकऱ्यांचे आकडे वाढत होते.

29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन बोटीने इंग्लंडला निघाले. इप्सविच इथे नवा कारखाना सुरू होणार होता. रात्री जेवण झाले, दहाच्या सुमारास खोलीत गेले, सकाळी सव्वासहाला उठवा म्हणून सांगून ठेवले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछाना तसाच होता. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेतल्या गेल्या आणि प्रेत पुन्हा समुद्राला दिले. त्या वस्तू वडिलांच्याच, हे मुलगा ऑयगेन याने ओळखले. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नी मार्था यांच्याकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको म्हणून सांगितले होते. तिच्यात वीस हजार मार्क निघाले आणि खाती रिकामी असल्याचे कागद. घातपात झाला असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण बॅग आणि कागद पाहिले की आत्महत्येकडेच जास्त बोट जाते.

डिझेल यांनी डिझेलवर चालणारी मोटारगाडी कधी पाहिली नाही. त्यांचे इंजिन इंधन आत फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर मागे. सगळे धूड इतके जड की ते बोटीत किंवा कारखान्यातच मावे. चालू करायलाही टाकीतली दाबलेली हवा सोडत. गाडीत बसेल असे इंजिन इतरांनी घडवले. मॅनहाइमच्या बेंझ कंपनीतले प्रॉस्पर लोरांज यांनी सिलिंडरच्या डोक्यात एक छोटी कोठी काढली आणि इंधन आधी तिच्यात पेटवले. 1927 मध्ये बॉशने नेमके माप देणारा पंप बाजारात आणला. 1936 मध्ये मर्सिडीज 260 डी ही डिझेल मोटार विक्रीला आली.

थंडीतले अडणे त्या कोठीनेच वाढवले. वीस पट दाबलेली हवा एरवी 500 अंशांच्या पुढे तापते. पण लोखंड गार असले, रिंगा झिजून हवा निसटत असली आणि थंडीत घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फ संथ फिरत असला, तर ती उष्णता भिंतीच खाऊन टाकतात. कोठीच्या भिंती जास्त, म्हणून नुकसानही जास्त. यावर तोडगा म्हणून कोठीत एक तापणारी तार बसवली. तोच हीटर प्लग. मालाच्या ट्रकांत बहुधा इंधन थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे आपल्या हवामानात त्यांना हीटरची फारशी गरज पडत नाही. लडाखसारख्या ठिकाणी वेगळाच त्रास. तिथे डिझेलमधले मेणच गोठते आणि फिल्टर तुंबतो. त्यासाठी 2019 पासून इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल तिथे दिले आहे.

काही जण थंडीत इथरचा फवारा मारतात. हीटर तापलेला असताना ते करणे म्हणजे 1893 ची चाचणी पुन्हा घेण्यासारखे आहे. बॅटरी भरलेली ठेवावी, ऑइल पातळ ग्रेडचे घालावे आणि हीटर तपासून घ्यावेत, हे बरे. काही जुन्या गाड्यांत हीटर दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यातला एक गेला की सगळेच बंद पडतात. स्वतंत्र जोडलेले असतील तर एखादा गेला तरी गाडी उठते. पहिले काही क्षण ती तीन सिलिंडरवर थरथरत धूर सोडते आणि चौथा तापला की मग आवाज सरळ होतो.