सादी कार्नो : उष्णतेचा हिशेब मांडणारा सैनिक

अकरावीच्या फिजिक्समध्ये ‘कार्नो इंजिन’ येते. आकृती काढून झाली की मी वर्गाला हमखास विचारतो, हा कार्नो कोण? बहुतेक कॅडेट म्हणतात, कोणीतरी प्रोफेसर असेल. पण तो प्रोफेसर नव्हता. तो फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर अधिकारी होता, आणि ज्या एकाच पुस्तकामुळे त्याचे नाव आपल्या अभ्यासक्रमात आले ते छापले गेले तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता.

सादीचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसला झाला. वडील लाझार कार्नो गणिती आणि सैनिकी इंजिनिअर. क्रांतीनंतरच्या लढायांत फ्रान्सच्या फौजा त्यांनीच उभ्या केल्या. फारसी कवी शेख सादी त्यांचा आवडता, म्हणून मुलाचे नाव सादी. लहानपणची एक गोष्ट त्याच्या धाकट्या भावाने, इपोलितने, लिहून ठेवली आहे. तळ्यात होडीत बसलेल्या बायकांच्या अंगावर पाणी उडावे म्हणून नेपोलियन गंमतीने खडे मारत होता. चार वर्षांचा सादी थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने दम भरला. नेपोलियनला हसू आवरेना.

सोळाव्या वर्षी तो एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाला. मार्च १८१४ मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसवर आल्या, तेव्हा वँसेन येथे लढायला उतरलेल्या विद्यार्थ्यांत तोही होता. पुढे मेट्झला सैनिकी इंजिनिअरिंगचे शिक्षण झाले. वॉटर्लूनंतर मात्र राजेशाही परतली, वडिलांना देशाबाहेर जावे लागले आणि कार्नो हे आडनावच अडचणीचे ठरले. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत बदली, किल्ल्यांची पाहणी, नकाशे, अहवाल. हुशार अधिकाऱ्याला असे कोपऱ्यात बसवले की तो कुढत तरी बसतो, नाहीतर अभ्यासाला लागतो. सादी अभ्यासाला लागला. १८१९ मध्ये परीक्षा देऊन त्याने पॅरिसच्या जनरल स्टाफमध्ये जागा मिळवली आणि लगेच अर्ध्या पगारावर रजा घेतली.

१८२१ मध्ये तो वडिलांना भेटायला जर्मनीत माग्देबुर्गला गेला. तिथून परतला तो वाफेच्या इंजिनाचा विचार डोक्यात घेऊनच. इंग्लंडच्या खाणी, गिरण्या, जहाजे या इंजिनावर चालत होती आणि फ्रान्स मागे पडला होता. बाकीचे लोक झडपा आणि सिलिंडर सुधारत होते. कार्नोने त्याच्याही मागचा प्रश्न विचारला : कोळशातून मिळणाऱ्या कामाला काही कमाल मर्यादा आहे का? वाफेऐवजी हवा वापरली तर ती बदलेल का?

त्याने पाणचक्की डोळ्यांसमोर आणली. पाणी उंचावरून खाली पडते म्हणून चाक फिरते. तशी उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाते म्हणून इंजिन चालते. नुसती भट्टी पुरत नाही, थंड बाजूही लागते. मग त्याने एक आदर्श इंजिन कल्पिले, जे उलटेही चालवता येईल. याच्यापेक्षा सरस इंजिन कोणी बनवले, तर सरस इंजिनाच्या जोरावर हे उलटे चालवून, काही खर्च न करता काम मिळत राहील. तसे होणे नाही. म्हणजे कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, आत वाफ असो वा हवा.

आजच्या सूत्रात आकडे घालून पाहा. बॉयलर १०० अंश सेल्सिअस म्हणजे ३७३ केल्विन, थंड बाजू २० अंश म्हणजे २९३ केल्विन. फरक ८०, भागिले ३७३, म्हणजे जेमतेम २१ टक्के. कारागीर कितीही कसबी असो, याच्या वर जाता येत नाही. परेडला दिसणारा ट्रक घ्या किंवा रणगाडा, इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग रेडिएटर आणि एक्झॉस्टमधून बाहेर टाकल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. रात्री थर्मल साइटमध्ये रणगाडा उजळून दिसतो तो याच उष्णतेमुळे. हा दोष इंजिनाच्या घडणीतला नाही, थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियमच तसा आहे.

पुस्तक सर्वांना कळावे म्हणून सादीने हस्तलिखित आधी इपोलितला वाचायला दिले. १८२४ मध्ये स्वखर्चाने ६०० प्रती छापल्या. फारशी कोणी दखल घेतली नाही. १८२८ मध्ये त्याने सैन्य सोडले आणि २४ ऑगस्ट १८३२ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, पॅरिसमध्ये कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. संसर्गाच्या भीतीने त्याचे बरेचसे कागद नष्ट करण्यात आले. १८३४ मध्ये क्लापेरोन या इंजिनिअरने त्याचे विचार गणितात मांडले, म्हणून ते टिकले. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, मूळ पुस्तक शोधत पॅरिसची दुकाने फिरले. एकही प्रत मिळाली नाही. तरी त्याच विचारावर त्यांनी १८४८ मध्ये तापमानाची निरपेक्ष मोजपट्टी उभारली आणि १८५० मध्ये क्लाउझियसने दुसरा नियम मांडला.

पुस्तकात एक चूक होती. उष्णता पाण्यासारखी जशीच्या तशी खाली उतरते, असे कार्नोने धरले होते. प्रत्यक्षात तिचा काही भाग खर्ची पडून काम होतो. उर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते, हा पहिला नियम. पण वाचलेल्या थोड्या टिपणांत दिसते की तो स्वतःच या चुकीपर्यंत पोचला होता. एक किलोकॅलरी उष्णता म्हणजे ३७० किलोग्रॅम-मीटर काम, असा हिशेब त्याने मांडला होता. आजचा आकडा ४२७ आहे. इपोलितने ही टिपणे १८७८ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर हा शोध जूल आणि मायर यांच्या नावावर लागून तीसहून अधिक वर्षे झाली होती.