फुटक्या नळीची बंदूक

ट्रेकिंग असो की फोटोग्राफी, नवा छंद लागला की आपली पहिली चर्चा सामानाचीच होते. ब्रँड कुठला, मॉडेल कुठलं? जिम कॉर्बेटला पहिली बंदूक मिळाली तेव्हा त्याच्यापुढे असा काही चॉइसच नव्हता.

जिमचा जन्म नैनितालचा, २५ जुलै १८७५चा. वडील पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हाच ते गेले. घरात भावंडं भरपूर आणि पैसा बेताचा. हिवाळ्यात सगळं कुटुंब खाली काळाढुंगीला राहायला यायचं. घराला लागूनच जंगल. तिथे जिम आधी गुलेल घेऊन हिंडला. मग कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका नातलगाने त्याला एक जुनी ठासणीची दुनळी दिली. दारू जास्त भरल्यामुळे तिची उजवी नळी फाटलेली होती. मोडका दस्ता पितळी तारेने कसाबसा बांधलेला. डावी नळी मात्र धड होती. आठ-दहा वर्षांच्या पोराने तेवढ्यावरच काम भागवलं.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर बोळा घालून गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी टोपी बसवायची. दारू जास्त झाली तर नळी फुटणार, ओली झाली तर बार उडणारच नाही. एकदा नेम चुकला की पुन्हा बंदूक भरेपर्यंत सावज पसार! त्यात दारू-छर्रे विकत आणायचे, म्हणजे प्रत्येक बार खिशाला जड. त्यामुळे जिमला गोळीपेक्षा पावलांवर जास्त भिस्त ठेवावी लागली. वाळक्या पानांवरून आवाज न करता चालणं, माग काढणं, माकडं आणि पक्षी कोणाला बघून ओरडतात ते ओळखणं, हे सगळं तो याच काळात शिकला.

पुढे रेल्वेत नोकरी करत असताना १९०७मध्ये त्यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा पिच्छा पुरवला. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. कॉर्बेट यांच्याजवळ मोजून तीन काडतुसं होती आणि तिन्ही संपली तरी जखमी वाघीण समोर उभीच. धावत जाऊन त्यांनी तहसीलदारांची बंदूक आणली. वाघिणीजवळ पोचल्यावर लक्षात आलं, की तिची नळी मागच्या बाजूला नीट बसतच नाही, मध्ये चांगली फट आहे. बार उलटून डोळे जाण्याची भीती होती, तरी त्यांनी तो उडवला. नेम धरला होता तोंडावर, गोळी लागली पंजाला. पण आधीच्या गोळ्यांनी वाघिणीचं काम झालेलं होतं, म्हणून निभावलं.

दोन्ही बंदुका सदोषच. फरक इतकाच, की काळाढुंगीतल्या बंदुकीचा दोष जिमला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. कुठली नळी वापरायची नाही हे माहीत असल्याने ती मोडकी दुनळीही भरवशाची ठरली.

पुढे कॉर्बेट यांच्या हातात कॅमेरा आला आणि वाघ वाचवण्यासाठी त्यांनी आवाज उठवला. १९४७मध्ये ते केनियाला गेले आणि १९५५मध्ये तिथेच वारले. कुमाऊंच्या पायथ्याच्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचं नाव मिळालं. आज तिथे शिकारीला बंदी आहे. पण जिम त्या फुटक्या बंदुकीसोबत जे शिकला, ते पाऊल न वाजवता चालणं आणि कान देऊन ऐकणं तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला आजही उपयोगी पडेल. त्यासाठी महागडं गिअर लागत नाही.