असंनिधानातील आचार्य श्रीनागदेव

परंपरेनुसार शके ११९६ मध्ये सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि भक्तपरिवार निराधार झाला. तेव्हा श्रीनागदेव ऊर्फ भटोबास भक्तजनांसह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले. पुढे तेही संनिधान अंतरले. मार्गाचा सारा भार आचार्यांवर आला. विरहाचे दुःख त्यांनी स्मरणाकडे वळविले. भिक्षा, अटन, विजन हा आचार शिष्यांकडून पाळून घेतला. म्हाइंभटांच्या लीळासंकलनास आपल्या आठवणी दिल्या. केशिराजांसारखे संस्कृतज्ञ पंडित शिष्य असूनही त्यांनी निरूपणासाठी मराठीचाच आग्रह धरला. अन्यथा वृद्ध स्त्रिया बोधास मुकल्या असत्या. समुदायातील दुर्बलास ज्ञानाचा वाटा मिळतो की नाही, हीच त्यांच्या आचार्यत्वाची कसोटी होती आणि त्या कसोटीस ते उतरले.