कर्करोगाच्या मुळाचा शोध घेणाऱ्या कमल रणदिवे

आईला स्तनाचा कर्करोग झाला, तर तो मुलीलाही होईल काय? हा प्रश्न आजही अनेक घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. भारतात या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधू पाहणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे स्थान अग्रभागी आहे.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्गसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलांइतकेच मुलींनीही शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. पण यातले काहीच घडले नाही. फर्गसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या प्रोत्साहनाने १९४३ साली त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. पुढे राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हेच महाविद्यालय त्या विद्यापीठाचा भाग बनले. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-अनुवंशशास्त्र हा त्यांचा तेथील अभ्यासविषय होता. पेशी आणि आनुवंशिकता यांची गाठ त्यांच्या मनात पडली, ती सीताफळाच्या निमित्ताने.

विवाहानंतर कमलताई मुंबईस आल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून निघालेल्या आणि पुढे जगभर पोचलेल्या पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या.

परदेशात राहणे सोपे होते. कमलताई मात्र परत आल्या. मुंबईत नव्याने उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ती अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशी वाढवण्यासाठी लागणारी पोषक द्रावणे बाजारात सहज मिळत नव्हती, ती इथेच तयार करावी लागली. एका जंतूचा शिरकाव झाला तरी सारे संवर्धन वाया जाते; त्यामुळे पहिली तपश्चर्या होती ती स्वच्छतेची आणि चिकाटीची.

त्यांचा मुख्य प्रश्न स्तनाच्या कर्करोगाचाच होता. उंदरांच्या काही वाणांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो आणि त्यास कारणीभूत विषाणू आईच्या दुधातून पिलांत जातो, हे १९३०च्या दशकात लक्षात आले होते. परंतु विषाणू शरीरात असूनही प्रत्येक मादीला रोग का होत नाही? निरनिराळ्या वाणांच्या उंदरांवर काम करून कमलताईंनी आनुवंशिक प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले. रोगाचे मूळ एकाच कारणात नसून या साऱ्यांच्या संयोगात आहे, ही दिशा त्यातून स्पष्ट झाली.

माणसातील स्तनाच्या कर्करोगास असा विषाणू जबाबदार असल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. पुढील उत्तरे पेशीच्या आत, तिच्या संदेशवहनात सापडली. वाढण्याचा निरोप पेशीत पोचवण्याचे काम कायनेझ नावाची प्रथिने करतात. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा कण जोडून ती जणू कळ दाबतात. सतराव्या गुणसूत्रावरील हर-टू या जनुकापासून असेच एक कायनेझ बनते. ते पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाढीचे संदेश घेते. स्तनाच्या काही कर्करोगांत या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढतात, पेशींना विभाजनाचा आदेश अखंड मिळत राहतो आणि रोग आक्रमक होतो, हे १९८७ साली दिसून आले. त्यावर नेमका मारा करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. हे शोध कमलताईंचे नव्हेत. पण पेशी बिघडते कशी, हा प्रश्न त्यांचाच होता.

कुष्ठरोगावरील त्यांचे कामही तितकेच महत्त्वाचे. कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून त्यांनी व सहकाऱ्यांनी वेगळे काढलेले जंतू संस्थेच्या नावाने ओळखले गेले. त्यांपासून पुढे लस तयार झाली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ साली मिळाला होता. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. १९८२ साली त्या पद्मभूषण किताबाच्या मानकरी ठरल्या.

घर आणि प्रयोगशाळा यांच्या ओढाताणीत हुशार मुली संशोधन सोडतात, हे त्या जाणून होत्या. म्हणून १९७३ साली सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथील तिच्या केंद्रात पुढे पाळणाघर व वसतिगृहही चालू झाले.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास केला आणि स्थानिक स्त्रियांना आरोग्याचे व आहाराचे शिक्षण मिळावे यासाठी परिश्रम घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळणारी ही विदुषी सह्याद्रीच्या कुशीतील मुलांच्या वजन-उंचीची नोंदही त्याच काटेकोरपणे घेत राहिली.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. आज स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासणीस जातो, तेव्हा हर-टू आहे की नाही हे पाहूनच उपचार ठरतो. घराण्याला लागलेला शाप मानला जाणारा रोग आता तपासता येतो आणि पुष्कळदा आवरताही येतो. या देशात त्या वाटेचा पाया घालणाऱ्यांत कमलताई होत्या.